देवाच्या तोंडाला सुकटीचा वास

हिवरदऱ्याच्या डोंगरात देव झोपलेला आहे आणि तो दुपारच्या वेळी श्वास सोडतो, यावर शिरूर कासार तालुक्यातल्या बऱ्याच शहाण्या माणसांचं एकमत झालं होतं.

वैशाख तापला होता. लिंबाचं पान हलत नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी कमरेएवढं एक भोक होतं, भोकाला झेंडूच्या माळा होत्या आणि समोरच्या मांडवात माणसं दाटीवाटीनं बसली होती. ऊसतोडीहून नुकतीच परतलेली कुटुंबं होती, तशी बीडहून मोटारी घेऊन आलेली साहेब मंडळीही होती. पवनदास महाराजांनी भोकासमोर पांढरा रुमाल धरला. रुमाल फडफडला आणि पुढच्या रांगेतल्यांच्या तोंडावर गार हवेचा झोत आला.

"बाहेर आग पडलीय," महाराज म्हणाले. "आत काय कूलर बसवलाय? करंट न्हाई, मोटार न्हाई, पंखा न्हाई. मग हे वारं सोडतंय कोण?"

गर्दीनं हात जोडले.

"फॉरेनचे शास्त्रज्ञ आलते. मशिनी लावल्या. मशिनी बंद पडल्या. रडत गेले बिचारे."

ते कधी आले होते, हे कुणी विचारलं नाही. हिवरदऱ्यात एखादा गोरा माणूस उतरला असता तर निम्मं गाव त्याच्यामागं शिवेपर्यंत गेलं असतं, हेही कुणाला आठवलं नाही.

मांडवाच्या कडेला उभी असलेली पौर्णिमा हे सगळं ऐकत होती. ती गावच्या उपकेंद्रात नर्स होती, जन्मही याच गावच्या बौद्धवस्तीतला. तिचं लक्ष महाराजांकडे नव्हतं, भोकापुढं बसलेल्या करिष्माकडे होतं. करिष्मा वत्सलाबाईंची सून. तिला दमा होता आणि पौर्णिमानं दिलेल्या श्वासाच्या पंपावर ती बरी चालली होती.

"ज्याचा श्वास कोंडला, त्याला देवाचा श्वास," महाराज म्हणाले. "यंत्राचा श्वास परातीत टाका."

परातीत आधीच पंप होते, गोळ्यांची पाकिटं होती, खोकल्याच्या बाटल्या होत्या. करिष्मानं सासूकडे पाहिलं. सासूनं मान हलवली, तसा करिष्मानं पंप परातीत ठेवला आणि भोकातली धुळकट गार हवा छातीत ओढली. तिला लागलीच खोकला आला. महाराज म्हणाले, रोग निघतोय.

हा देव सापडला तोही एका चुकीमुळे. पवनदास महाराज पूर्वी पाणाडी होते. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून फिरायचे, नारळ उभा राहिला की तिथं बोअर घ्यायला सांगायचे. आपल्याकडे या नारळावर लोकांचा पोटच्या पोरापेक्षा जास्त विश्वास. पण बऱ्याच बोअरमधून नुसता फुफाटा निघाला आणि महाराजांना पाण्यापासून जरा लांबचा धंदा शोधणं भाग पडलं. मग त्यांना निजामाच्या काळातली सोन्याची बुजलेली खाण स्वप्नात दिसली. नारळ या पायथ्याशी उभा राहिला. वत्सलाबाईंचा मुलगा बजरंग जेसीबी चालवायचा, त्यानं बकेट घातली. दगडांचा ढीग सरकला, मागं भोक निघालं आणि भोकातून वारा आला.

सोनं काही निघालं नाही. पण महाराज हुशार. सोनं काढून दाखवावं लागतं, वाऱ्याचं तसं नसतं. खाणीचा देव व्हायला एक दुपारही लागली नाही.

पौर्णिमा संध्याकाळी वत्सलाबाईंच्या ओसरीवर गेली. करिष्मा खांबाला टेकून बसली होती. श्वास घेताना तिच्या गळ्याखाली खळगा पडत होता आणि छातीतून बारीक शिट्टी ऐकू येत होती.

"मावशी, हिचा पंप बंद करू नका," पौर्णिमा म्हणाली. "मी दुसरा आणून देते. असंच चाललं तर एखाद्या दिवशी अटॅक येईल आणि बीडला पोचेपर्यंत पोरगी हातची जाईल."

"तुझं खरं असंल बाई," वत्सलाबाई म्हणाल्या. त्या काही वाईट बाई नव्हत्या; सुनेला ऊसतोडीवरून त्यांनीच माघारी आणलं होतं, मुकादमाशी भांडून. "पण एक सांग. एवढ्या उन्हात ते गार वारं येतंय कुठून? कोण सोडतंय?"

पौर्णिमाला खरोखरच माहीत नव्हतं. आणि माहीत नसताना ठोकून द्यायचं, तर मग तिच्यात आणि महाराजांच्यात फरक तो काय राहिला?

"मला न्हाई माहीत," ती म्हणाली. "पण शोधून दाखवलं तर?"

"दाखव. मी सोता जाऊन परातीतला पंप आणते. तवर न्हाई." मग आवाज उतरवून वत्सलाबाई म्हणाल्या, "त्या जागी कायतरी हायच, पौर्णिमे. नवी नवरी व्हते तवा आमी बाया तिथं पांढरी माती काढाया जायचो, भिंती पोतारायला. आत लांबवर गेलं की दगडातून गाणी ऐकू यायची. बायांच्या आवाजात. सासू म्हणली, आसरा हायती, त्यांच्या वाटंला जाऊ नये. मग दगडं लावून तोंड बंद केलं."

"कसली गाणी?"

वत्सलाबाईंनी डोळे मिटून चाल गुणगुणली. शब्द त्यांना आठवत नव्हते. पौर्णिमाला मात्र आठवत होते, कारण तिची आई भाकरी थापताना हेच गाणं म्हणायची. ते भीमगीत होतं. डोंगरातल्या आसरांना भीमगीतं पाठ असतील, असं तिला वाटेना.

घरी येऊन तिनं आईला विचारलं. मनकर्णाबाई तांदूळ निवडत होत्या.

"आमी जायचो की मातीला," त्या म्हणाल्या. "पण आमची खाण निराळी. पायथ्याची गावातल्या बायांची. तिथं आमाला हात लावू देत न्हवते, विटाळ व्हतो म्हणून. आमी डोंगराच्या पाठीमागनं, वरच्या अंगाला खणायचो. आत अंधार असायचा, भ्या वाटायचं. म्हणून गाणी म्हणायचो."

"आई, तुम्ही खणत कुठल्या बाजूला गेलात?"

"माती जिकडं, तिकडं. उताराला. लई लांब गेलतो."

पौर्णिमाला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी डोंगराच्या पाठीमागून चढल्या. मनकर्णाबाईंची खूण होती ती एका पळसाची, आणि पळस कधीच तुटून कुणाच्या तरी चुलीत गेला होता. भिंतींना डिस्टेंपरचा रंग आल्यापासून मातीला कुणी आलं नव्हतं. सगळीकडे घाणेरी माजलेली. दोघी काटे बाजूला सारत बराच वेळ हिंडल्या, एकदा चुकीच्या घळीत उतरून परतही आल्या. शेवटी एका बोरीखाली साळिंदरानं उकरलेली माती दिसली, आणि ती पांढरी होती. सगळा डोंगर काळा नि तांबडा, आणि तेवढाच ढीग पांढरा. ढिगामागं घाणेरीच्या आड खाणीचं तोंड होतं.

पौर्णिमानं त्या तोंडापुढं वाळलेल्या गवताची काडी धरली. काडी आतल्या बाजूला ओढली गेली.

"आई," ती म्हणाली, "खाणी दोन न्हाईत. एकच हाय."

गुरुवारी दर्शनाला गर्दी जास्त. पौर्णिमानं सकाळीच वत्सलाबाईंना गाठलं. "आज करिष्माला घरीच ठेवा. तुम्ही या. महाराजांकडे बघू नका, नुसता देवाचा श्वास हुंगा."

मांडव भरला. रुमाल फडफडला. महाराजांनी नेहमीप्रमाणे कूलरपासून सुरुवात केली आणि फॉरेनच्या शास्त्रज्ञांपर्यंत आले. "देव सात्त्विक हाय. जो आज मांसमच्छीला शिवला असंल त्यानं पुढं बसू नये. देवाला वास खपत न्हाई."

तेवढ्यात पुढची रांग चुळबुळली. एकानं नाक वर केलं, दुसऱ्यानं शेजाऱ्याकडे संशयानं पाहिलं. पाहता पाहता तो वास मागच्या रांगेपर्यंत पोचला. बाजारच्या दिवशी आपल्याकडे निम्म्या घरांतून येतो तोच. तव्यावर खरपूस भाजलेल्या सुकटीचा. आणि तो देवाच्या तोंडातून येत होता.

"देव कोपला," महाराज म्हणाले. "कुणीतरी विटाळ केलाय. देव त्याचं पाप उघडं पाडतोय."

"देव कोपला की सुकट भाजतो व्हय?" मागून एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला.

लोक हसावं की नको या विचारात असतानाच भोकातून गाणं ऐकू आलं. बाईचा आवाज होता, थोडा थकलेला, पण सुरात. वत्सलाबाई उभ्या राहिल्या. मग त्या थेट भोकापाशी गेल्या आणि वाकून म्हणाल्या, "कोण हाय गं आत?"

गाणं थांबलं.

"आत कुणी न्हाई, मी वर हाय," डोंगर म्हणाला. "मनकर्णा. सुकट करपाया लागली, काढू का आता?"

मांडवात हशा पिकला. महाराज चेटकीण, करणी असं काहीबाही म्हणत राहिले, पण बजरंग तोवर डोंगराच्या मागं पळत गेला होता. तिथं त्याला बोरीखाली दगडांची चूल, चुलीवर तवा आणि पदरानं घाम पुसणाऱ्या मनकर्णाबाई दिसल्या. धूर वर जात नव्हता, वळून खाणीत शिरत होता. बजरंग खाली आला. त्यानं आधी भोकावरच्या माळा काढल्या.

पौर्णिमानं तिथंच, मांडवात, सगळ्यांना समजावलं. डोंगराच्या पोटातली हवा बारा महिने जवळजवळ सारखीच राहते. उन्हाळ्याच्या दुपारी ती बाहेरच्या हवेपेक्षा गार असते, म्हणून जड असते. जड हवा उतारानं घसरत खालच्या तोंडातून बाहेर पडते आणि तिच्या जागी वरच्या तोंडातून बाहेरची हवा आत ओढली जाते. बाहेर गारठा पडला की हेच उलटं होतं.

"म्हणून दर्शन दुपारीच असतं," ती म्हणाली. "सकाळी देव समाधीत असतो असं महाराज सांगतात. उद्या सकाळी कुणीही या, रुमाल धरून बघा. आत मात्र जाऊ नका, माती कधी बसंल सांगता येत न्हाई."

बजरंग दुसऱ्या दिवशी उजाडताना एकटाच गेला. रुमाल मेल्यासारखा लटकला आणि मग हळूच आतल्या बाजूला कलला. तिथून तो सरळ पोलीस ठाण्यात गेला आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली महाराजांविरुद्धची पहिली तक्रार त्याच्या नावानं नोंदली गेली. महाराज तोवर माजलगावकडे गेले होते. तिकडं धरणाचं पाणी मुबलक, नारळ कुठंही उभा राहिला तरी अडचण नाही.

पण हे दुसऱ्या दिवशीचं. गुरुवारी, मांडव अजून पांगत असताना, वत्सलाबाई परातीपाशी गेल्या. त्यांनी सुनेचा पंप शोधला, पदरानं पुसला आणि पौर्णिमाच्या हातात दिला. पौर्णिमानं तो तपासला, हलवला, औषध शिल्लक असल्याची खात्री केली. घरी ओसरीवर करिष्मा दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती, वाक्य पुरं करायलाही तिला दम उरला नव्हता. तिनं पंप घेतला. थोड्या वेळानं छातीतली शिट्टी विरली, गळ्याखालचा खळगा भरला आणि ती म्हणाली, "आत्या, भूक लागली." वत्सलाबाई तोंडाला पदर लावून रडल्या.

मनकर्णाबाई तवा घेऊन डोंगरावरून उतरत होत्या. वत्सलाबाईंनी त्यांना हाक मारून ओसरीवर बोलावलं. त्या ओसरीवर मनकर्णाबाई आयुष्यात पहिल्यांदा बसत होत्या.

"आमी तुमाला इतकी वर्सं भूत समजत व्हतो," वत्सलाबाई म्हणाल्या.

"आमाला वाटायचं, तुमाला ऐकूच जात न्हाई," मनकर्णाबाई म्हणाल्या.

एका डोंगरात एकच खाण होती. गावानं तिला दोन तोंडं ठेवली, एका तोंडाच्या बायांनी दुसऱ्या तोंडाशी जाऊ नये असा नियम केला, आणि स्वतःच्याच नियमामुळे जे कळेनासं झालं त्याला आधी भूत म्हटलं, मग देव. तेव्हा वाचकहो, दगडातून वारा आला तर हात जरूर जोडा, हरकत नाही. पण त्याआधी डोंगराला वळसा घाला आणि पलीकडे कोण राहतं ते विचारून या.