जबलवरचा लांडगा

पिशवीची फाट सरळ होती. बोरीच्या फांदीला टांगलेली लाल नायलॉनची पिशवी आणि तिच्या पोटावर वरून खाली एकच रेघ — ना दोरे लोंबलेले, ना दाताची खूण... शीलानं आत हात घालून बघितलं. खुबूसच्या रोट्यांचं पाकीट गायब, खजूर मात्र तसाच.

"लांडगाच," मागून तिचा नवरा जनार्दन म्हणाला. "काल तो बकऱ्यांवाला म्हणाला नव्हता, या अंगाला फिरतोय म्हणून? आता पुढे नको, शीला. मागे फिरू."

म्हणाला होता खरा. खालच्या गावातल्या त्या म्हाताऱ्यानं डोक्यावर दोन बोटं धरून कान करून दाखवले होते. खाणं तंबूत ठेवू नका, उंच टांगा, दिसलाच तर पाठ फिरवून पळू नका... आणि नवऱ्यानं हसत 'इन्शाल्ला' म्हटलं होतं. हाच माणूस, वादी कबीर भागातल्या गॅरेजात टांगलेल्या इंजिनाखाली बिनधास्त उभा राहणारा, महिनाभर या जबलच्या, डोंगराच्या, वाटेचे व्हिडिओ बघणारा, आता न पाहिलेल्या लांडग्याला भितो? आणि लांडगा पिशवी चिरून नुसते खुबूस नेतो?

ती कड्याच्या टोकाशी गेली. खाली खडकावर खुबूस पडले होते, अख्खे, भिरकावल्यासारखे. लांडगा असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

पहाटे तोच आधी उठला होता. म्हणजे पिशवी त्यानंच चिरली. पण का? पुढे फोनला रेंज नाही म्हणून? कुणाचा फोन येणार होता?... छे. पण संशय एकदा घरात शिरला की भांडी हुंगत सुटतो. काल चढताना तो दर वळणावर फोटोसाठी थांबत होता. फोटो कसले, नुसत्या दगडांचे. आणि त्याआधी, अल मवालेहच्या भाजीबाजारात कलिंगडांचं पोतं मध्येच खाली ठेवून तो वांग्यांचा भाव करत बसला होता — वांगी, जी तो तोंडात घालत नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तिनं बघितलं होतं. बघून गाडीचं दार उघडलं होतं, एवढंच. व्हिसाची मेडिकल जवळ आलीय, तीत नापास झाला तर नोकरी जाईल, हेही तिला ठाऊक होतं.

"अहो, रात्री झोप लागली का?"

"लागली की." फार पटकन.

तो सॅक पाठीवर घेऊ लागला, पट्ट्याशी उगाच खेळत राहिला. त्याचा हात छातीपाशी जास्तच वेळ राहिला, की तिलाच तसं वाटलं?

"मलाही भीती वाटतेय," ती म्हणाली. "चला, फिरूया."

त्याचा चेहरा असा सैलावला, की तिला बघवेना.

तिनं पाण्याच्या बाटल्या स्वतःच्या सॅकमध्ये घातल्या. लांडगा मागूनच येतो म्हणे, असं काहीतरी सांगून त्याला पुढे चालायला लावलं. उताराला लागल्यावर तो बोलू लागला. केवढा असेल, कसा दबकत आला असेल... लांडगा वळणागणिक मोठा होत चालला.

"तुम्हाला दिसला?"

"सावली दिसली ना."

"हं," ती म्हणाली.

नीट विचारलं तर छातीचं दुखणं तो सांगून टाकेल, हे तिला कळत होतं. म्हणूनच ती विचारत नव्हती. खाली, दूरवर, त्यांची गाडी ठिपक्याएवढी दिसू लागली, तसा शीलाचा पाय आपोआप मंदावला. खाली लांडग्याचं निमित्त उरणार नव्हतं; ही वाट इतक्यात संपू नये असं तिला वाटत होतं.