पूर्वेची सहा मापं

बायको, आशाबाई, गेली त्या दिवशी फकिरा शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या चिमणीवर, शंभर फुटांवर, धुराचा वेग मोजत होता. चिमणीच्या अंगाला दोन भोकं असतात. या चिमणीला एक दक्षिणेला, एक पूर्वेला. भोकातून लांब नळी आत घालायची, सहा ठिकाणी थांबवायची, सहा मापं लिहायची. दक्षिणेची सहा झाली. पूर्वेचं झाकण गंजून बसलेलं, काही केल्या हलेना. मोठा पाना आणायला तो शिव्या देतच खाली उतरला. वर फोन न्यायची बंदी होती, म्हणून फोन खाली पिशवीत होता. त्यावर अकरा कॉल, सगळे थोरल्या भावजयीचे. त्यानं लगेच उलटा फोन लावला.

"भाऊजी, कुठं होता हो तुम्ही?" द्वारकाबाई रडत होती. "आशी टँकरच्या रांगेत पडली. दवाखान्यात या."

त्या साली विहिरी होळीआधीच आटल्या होत्या अन् त्यांच्या गावी, करमाडला, टँकर चार दिवसांआड येई. फकिरानं बाहेर काढलेला पाना तसाच डिकीत टाकून गाडी दामटली. पोचला तेव्हा साडेअकरा झाले होते. आशाबाईनं त्याला ओळखलं. "घागरी तिथंच राहिल्या," एवढंच म्हणाली. बारा वाजून पाच मिनिटांनी गेली. हात त्याच्या हातात होता.

तेरावं उरकून तो चिकलठाण्याच्या प्रयोगशाळेत कामावर आला. शंतनू साहेबांनी अहवाल पुढं सरकवला.

"सही तेवढी राहिली. बाकी मी भरलंय."

कागदावर बारा मापं होती. पूर्वेची सहा म्हणजे दक्षिणेचीच, थोडी मागंपुढं केलेली.

"हे मी मोजलं नाय, साहेब."

"माहितीय रे. तुझ्यावर असा प्रसंग, तुला परत वर कुठं चढवू? गोल तर चिमणी. इकडून मोजली काय, तिकडून मोजली काय!"

"खाली वळण हाय तिला. पूर्वेच्या अंगाला धूर दाटतो. लई फरक पडंल."

"तू कधीपासून इंजिनिअर झालास? कर सही."

फकिरानं पेन उचललं. मापांशेजारी वेळ होती: पूर्वेचं भोक, सव्वाअकरा ते सव्वाबारा. त्यानं पेन खाली ठेवलं.

"तवा मी चिमणीवर नव्हतो. तिच्यापाशी होतो."

"अरे, वेळ कोण बघतं?"

"मी बघितली ना. सही केली, तर तिच्यापाशी नव्हतो असं होतं."

साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "बरं, वेळ बदलू. चार ते पाच टाकतो."

"चारला तिचं सरण पेटवलं, साहेब."

शंतनू साहेबांनी कागद ओढून कपाटात टाकला. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही, अन् फकिरालाही त्या चिमणीवर पाठवलं नाही.

पाना अजून गाडीच्या डिकीत आहे. पूर्वेचं झाकण कुणी उघडलेलं नाही. सहा मापं घ्यायची राहिली आहेत.