लालासाहेबांची तहान

माझी बायको शालू सेहेचाळीस साली गेली. साखर तिच्या अंगी लागायची नाही, रक्तात साठून लघवीवाटे जायची. सांगलीच्या डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं. गावचे वैद्य लालासाहेब हसले, "गूळ म्हंजे साखर न्हवं. दे रं बिनघोर." मी दिला. पोटात गुळाचीही साखरच होते, हे डॉक्टरांनी ती गेल्यावर सांगितलं.

परवा लालासाहेब माझ्या गुऱ्हाळावर आले, पार वाळलेले. "लय तहान लागती, गड्या. लघवीला मुंग्या लागत्यात."

मी ओळखलं, हे शालूचंच दुखणं. आल्यागेल्याला गूळपाणी द्यायची आमची रीत. मोठा खडा फोडून पुढं ठेवला.

"झ्याक हाय," ते म्हणाले.

मी अख्खी ढेप बांधून दिली. "आवं, घरी न्या. रोज खावा."