सोप्यावरच्या संगणकातलं कमलाक्षीचं नाटक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि माझा स्वभाव थोडा चिडका आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमची तक्रार नको. जन्मभर मला "घरचा संगणक" म्हणत आले. घरचा म्हणजे सगळ्यांचा. येणाऱ्याने यावं, कळ दाबावी आणि माझ्या पोटात हात घालून हवं ते ढवळावं. तुमच्या पोटात कोणी असा हात घातला तर तुम्हीही चिडाल.

माझे भाग कुठल्या तरी परदेशी कारखान्यात घडले. ते जोडले म्हापशाच्या एका दुकानात, आणि मांद्र्याला मी आलो तो एका टेम्पोत, फणसांच्या शेजारी बसून. गोवा राज्य होऊन तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती. किनाऱ्यावर पाहुण्यांची वर्दळ वाढली होती. कृष्णनाथ पेडणेकरांनी घरामागे भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या आणि पाहुण्यांच्या ईमेलना उत्तरं द्यायला मला आणलं होतं. सुलोचनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला कुंकू लावलं, माझ्यापुढे नारळ फोडला आणि त्या नारळाचं थोडं पाणी माझ्या कळफलकावर सांडलं. "स" ची कळ तेव्हापासून जरा अडकते.

मला ठेवलं सोप्यावर, जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी. सोपा म्हणजे घराची पुढची उघडी बैठक. तिथे टपालवाला येतो, मासेवाली येते, शेजारी बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा पडदा दिसायचा. सुरुवातीला माझं कौतुकही फार झालं. शेजारचे शांताराम घुमट हे मातीचं तालवाद्य वाजवण्यात पटाईत, पण माझ्यासमोर ते हात मागे बांधून उभे राहत.

या घरात माझ्यावर खरी माया केली ती धाकट्या सुनेने, कमलाक्षीने. ती सावंतवाडीकडची. लग्नाआधी मराठी टंकलेखनाची परीक्षा पास झालेली. तिचा नवरा सगुण, कृष्णनाथांचा धाकटा भाऊ, डिचोलीकडे खाणीच्या ट्रकवर असायचा आणि आठवड्याने घरी यायचा. खोल्यांचा सगळा पत्रव्यवहार हळूहळू तिच्याकडेच आला. तिची बोटं कळफलकावर अशी फिरत की अडकलेली "स" सुद्धा लाजून सरळ होई.

दुपारी जेवणं आटोपून घर आडवं झालं की ती पत्रं बाजूला ठेवायची आणि नाटक लिहायची. आमच्या भागात घरात भांडण कोकणीत होतं आणि देवळासमोर नाटक मराठीत होतं. जत्रेला बायकांचंही एक नाटक असे, पण ते दर वर्षी कुठून तरी उसनं आणलेलं, रडकं आणि राजा-राणीचं. कमलाक्षीला वाटे, आपल्या बायकांनी आपलं नाटक करावं. दोन जावांचं आणि एका घराचं. ही गोष्ट तिने माझ्याशिवाय कोणालाच सांगितली नव्हती.

लिहिणं म्हणजे भात शिजवण्यासारखं असतं, हे मी तिच्याकडे बघून शिकलो. पहिल्या अंकात तिने मोठ्या जावेला चांगलंच धारेवर धरलं होतं. दुसऱ्यात हात जरा सैल सोडला. तिसऱ्यात तर तीच मोठी जाऊ सगळ्या गावासमोर धाकटीच्या पुढे येऊन उभी राहते आणि म्हणते, "ही माझ्या घरची आहे. तिला विचारायचं ते आधी मला विचारा." ते वाक्य लिहिताना कमलाक्षीने पदर डोळ्यांना लावला. आता पहिला अंक बदलायला हवा, असं ती पुटपुटली. बदलायचा होता तो, मित्रांनो! भात अर्धा शिजला होता.

तिला भीती एकच होती, कोणी मध्येच झाकण काढेल याची. म्हणून एक दिवस तिने धीर केला. "भाऊजी, माझ्या नावाचा वेगळा पासवर्ड करूया? माझ्या कामांक बरा पडात."

कृष्णनाथ वर्तमानपत्र वाचत होते. पणजीच्या सरकारी कचेरीत नोकरी, घरातले थोरले, आपला शब्द खाली पडू द्यायचे नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पासवर्ड? ह्या घरांत परको कोण आसा गो? आज पासवर्ड वेगळो, फाल्यां चूल वेगळी!"

चूल हा शब्द ऐकल्यावर कोणाची बोलायची छाती होणार? आमच्याकडे चूल वेगळी झाली म्हणजे घर फुटलं. कमलाक्षी पुन्हा पाहुण्यांच्या पत्रांकडे वळली. मी मात्र आतल्या आत तापलो. माझ्यात प्रत्येकाला वेगळी खोली देण्याची सोय होती. चूल नव्हे हो, खोली! पाहुण्यांना प्रत्येक खोलीची वेगळी किल्ली देणाऱ्या या माणसाला घरच्या बाईला एक किल्ली देववेना.

मग कमलाक्षीने आपल्या अकलेने एक युक्ती काढली. तिने नाटकाच्या फाईलला नाव दिलं "चवथीच्या आरत्या". आरत्या तर सगळ्यांना तोंडपाठ, त्या कोण उघडून बघणार? मलाही ते पटलं होतं. ठेच लागल्यावर शहाणपण येतं, ते असं.

चवथ आली. गणपती बसला. वर माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या लाकडी चौकटीला, सुपारीचे घोस, कणसं, रानातली फळं बांधलेली. संध्याकाळी वाड्यावरचे लोक घुमट, शामेळ, कांसाळें अशी वाद्यं घेऊन घरोघर आरत्या म्हणत फिरत, तसे आमच्याकडे जमले. आदल्या दिवशी पोरांनी एका आरतीची कडवी उलटीसुलटी म्हटली होती आणि कृष्णनाथांचं डोकं फिरलं होतं. "हेंका छापूनच दिवंक जाय," असं म्हणत ते माझ्याकडे आले. माझ्या पोटात त्यांना "चवथीच्या आरत्या" दिसल्या. त्यांचा चेहरा खुलला. फाईल न उघडता छापायचं कसं, एवढी एकच विद्या ते कचेरीत शिकले होते. ती त्यांनी वापरली.

मी काय करणार? मला दात असते तर मी कागद चावून धरला असता. प्रिंटर खरखरत राहिला आणि पहिला अंक बाहेर पडत राहिला. कागद संपले तेव्हाच तो थांबला. चष्मा कपाळावर ठेवूनच कृष्णनाथांनी एकेकाच्या हातात एकेक पान दिलं.

शांतारामांनी घुमटावर थाप मारली, गळा साफ केला आणि खड्या आवाजात पान वाचलं, "मोठी जाऊ नारळ फोडताना दोनदा बघते. एकदा नारळाकडे, एकदा धाकटीकडे, की हिने खोबऱ्याचा तुकडा तोंडात तर नाही टाकला!"

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग हशा उसळला. आणि हे आमचं गाव म्हणजे नाटकवेडं. हातात संवाद आले की तोंड बंद कसं राहील? एकाने मोठ्या दिराचं पान घेतलं, छाती काढली आणि म्हणाला, "या घरात माझ्याशिवाय कोणाला अक्कल नाही!" बरोब्बर कृष्णनाथांचा आवाज. दुसऱ्याने जावेसारखी कमरेला पदराची गाठ मारून दाखवली. गणपतीसमोर पहिला अंक रंगला, आणि लिहिणारी दारात नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट घेऊन उभी होती.

"कोणें बरयलें हें?" कोणीतरी हसत विचारलं. कोणी लिहिलं, याला उत्तराची गरज नव्हती. घरात मराठी टाईप करणारी एकच होती. सुलोचनाबाई उठल्या, आत गेल्या आणि स्वयंपाकघराचं दार त्यांनी ओढून घेतलं. त्या घरात आतलं दार लागलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

विसर्जनानंतर, दुपारच्या त्याच वेळी, कमलाक्षी माझ्यापुढे बसली. तिने फाईल पुन्हा वाचली नाही. पुसून टाकली. मी ती पुसलेल्या फाईलींच्या टोपलीत जपून ठेवली. राग उतरला की ही बाई परत मागेल, अशी माझी खात्री होती. पण शनिवारी कृष्णनाथ आले आणि घर झाडावं तशी त्यांनी ती टोपली रिकामी केली. "कितलो कोयर!" असं वर म्हणाले. कोयर म्हणजे केर. मित्रांनो, तिसऱ्या अंकाला केर म्हणाले.

जावा एकमेकींशी मिठापुरतं बोलू लागल्या. जत्रेला बायकांनी पुन्हा उसनं, रडकं नाटक केलं आणि कमलाक्षीने विंगेत उभं राहून दुसऱ्याचे शब्द इतरांना आठवून दिले.

जत्रेनंतर एका दुपारी सुलोचनाबाई आपल्या मुलीला, हर्षाला, घेऊन माझ्यापुढे आल्या. हर्षा कॉलेजात शिकत होती.

"ती आरती परत काड गो. शेवट कसो केल्लो तिणें?"

हर्षाने शोध शोध शोधलं. "आई, गेली ती. बाबांनी पुसली."

"पुराय गेली?"

"पुराय. सगळीच."

सुलोचनाबाई कदेलीवर, माझ्यापुढच्या खुर्चीवर, बसून राहिल्या. शेवट मला पाठ होता. त्या शेवटात त्याच होत्या, गावासमोर ताठ उभ्या. ओरडून सांगावंसं वाटलं मला. पण आम्हा यंत्रांना कोणी कळ दाबल्याशिवाय तोंड नसतं, आणि ती कळ आता नव्हती. एवढा संताप मला माझ्या आयुष्यात कधी आला नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "तिका पासवर्ड करून दिवंक जाय."

"आनी चूल?"

"चूल म्हज्या हातांत आसा. ती हांव सांबाळटां. तुमी दार करून दियात."

हर्षाने माझ्यात कमलाक्षीच्या नावाची खोली केली, आणि मला सोप्यावरून उचलून आतल्या खोलीत ठेवलं. सुरुवातीला कमलाक्षी बसली की एक ओळ लिहायची, मागे वळून बघायची आणि पुसायची. असे कितीतरी दिवस गेले. पुसलेलं नाटक तसंच्या तसं परत आलं नाही. नव्याने लिहिलं ते वेगळं झालं, आणि मला विचाराल तर पहिल्याची सर त्याला नाही.

आता मी माळ्यावर आहे. तुमच्या घरी नवे, पातळ संगणक असतील. त्यातही सगळ्यांच्या फाईली एकत्र पडलेल्या असतील. घरात परका कोणी नसतो, हे खरं. पण आपल्या माणसाचंही अर्धं शिजलेलं काहीतरी झाकणाखाली असतं. प्रत्येकाला त्याची किल्ली द्या, आणि दिलेली किल्ली मागू नका.

माळ्यावर पडल्या पडल्या मला एकच दुपार आठवते. कमलाक्षी लिहीत होती. दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. ज्या घरात सुलोचनाबाईंनी कधी कोणाला काही विचारलं नव्हतं, त्याच घरात त्यांनी उंबऱ्याबाहेरून विचारलं, "येवं गो?"

कमलाक्षीची बोटं थांबली. मग ती म्हणाली, "वायच थांबा, वैनी. होतलाच."

आणि सुलोचनाबाई थांबल्या.