खंडीचा खडा

गोदाबाईंच्या बदलीचा हुकूम मंगळवारी आला आणि बुधवारपासून चैतराम रंगारीला जेवण जाईनासं झालं. बालाघाटात याचा कुणी भलता अर्थ काढला नाही. गोदाबाई शेहेचाळीस वर्षांच्या होत्या, सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या, आणि चैतराम पोरगा होता तेव्हा त्याच्या दंडावर देवीची लस त्यांनीच टोचली होती. त्याचं दुःख वेगळं होतं. दीड वर्षात तो टेबल टेनिसमध्ये त्यांच्याकडून एकशे अकरा वेळा हरला होता आणि एकदाही जिंकला नव्हता. हा आकडा कुणा वैऱ्याने काढलेला नव्हता. त्याने स्वतःच तो तारीखवार वहीत ठेवला होता.

चैतराम बी.एस्सी. होता. भरवेलीच्या खाणीत दगड कुटून, चाळून, तोलून त्यात मँगनीज किती ते काढायचं, हे त्याचं काम. एखादी गोष्ट नीट मोजली की तिची भीती जाते, असा त्याचा विश्वास होता. गोदाबाई त्याने दीड वर्ष मोजल्या होत्या. भीती मात्र गेली नव्हती. आता त्या किरनापूरला निघाल्या, म्हणजे खातं उघडंच राहणार. पुढे जन्मभर लोक म्हणणार, बाई होती तोवर याला कधी जमलं नाही. आणि ते खरं असणार, हे जास्त वाईट.

टेबल होतं धानगिरणीमागच्या गोदामात. बदलून गेलेल्या एका इंजिनियरसाहेबाने ते वॉर्डातल्या मंडळींना देऊन टाकलं होतं. गोदामाच्या अर्ध्या भागात धानाची रास, अर्ध्या भागात टेबल. गोदाबाई ड्यूटी संपवून साडेपाचला यायच्या, लुगड्याचा पदर खोचायच्या आणि अनवाणी उभ्या राहायच्या. नागपूरला नर्सिंगच्या होस्टेलात शिकलेल्या. धावायच्या म्हणून नाहीत. पंगतीत भाजी वाढावी तसा चेंडू ज्याच्या त्याच्या पानात, म्हणजे चैतराम जिथे नसेल तिथे, वाढायच्या.

बुधवारी त्याने विचारलं, "बाई, खरंच जाता?"

"सरकार म्हणते जा, तं जा लागते. पुढच्या इतवारी बाराची बस. तुले काहून रडू येऊन राह्यलं?"

"रडू नाही बाई. एकशे अकरा झाले."

"मंग बारा दिवस आहेत ना अजून. एकशे तेवीस करून टाकू," गोदाबाई म्हणाल्या, आणि त्या संध्याकाळी एकशे बारा केले.

राशीजवळ बसलेली चंपाबाई हसली. चंपाबाई ही चैतरामच्या बापाच्या थोरल्या भावाची बायको, म्हणून त्याची मोठीमाय. गोदामात धान मोजायचं काम तिचं. सरकारने किलो आणून वर्षं झाली होती, पण मजुरांचं धान अजून कुडो या जुन्या मापानेच मोजलं जाई, आणि चंपाबाईच्या हातचा कुडो म्हटलं की देणारा-घेणारा दोघंही गप्प बसत.

"कायले जिवाले खातं बाबू?" ती म्हणाली. "जाता जाता बाईच देऊन टाकीन एखादा डाव तुले. बाईचं मन मोठं आहे."

हरण्याची चैतरामला सवय होती. पण बाईंनी निरोपाचा पेढा द्यावा तसा डाव हातात ठेवला, तर ते वहीत लिहायचं कसं?

गुरुवारी त्याने बुटांपासून सुरुवात केली. गिरणीतला कोंडा उडून गोदामाच्या फरशीवर बसायचा, आणि कोंड्यात तेल असतं. गोंदियाहून आणलेल्या कॅनव्हासच्या बुटांनी डावीकडे धावलं की चैतराम टेबलाच्या पुढे निघून जाई. त्याने एक फळी घेतली, तिच्यावर कोंडा पसरला, बुटात विटेचा तुकडा ठेवला आणि फळी हळूहळू उचलत कोनमापक लावला. सतरा अंशांवर बूट घसरला. मग तो सायकलवाल्या भैयालालकडे गेला.

"तळव्याला जुना टायर चिकटवून दे."

"जूते को टायर?" भैयालालने बूट उलटा करून पाहिला. "ब्रेक भी लगा दूँ क्या भैया? आपको रुकने की ही तो तकलीफ है."

टायर लावलेला बूट एकतीस अंशांपर्यंत टिकला. चैतराम खूश झाला. पण खेळताना पाचच मिनिटांत टायरच्या खाचांत कोंडा भरला आणि तो सगळ्यांच्या देखत राशीत जाऊन बसला.

"धान मोजून ठेवलं आहे, बाबू," चंपाबाई ओरडली. "खिशात भरून नको नेऊ!"

त्याच पडल्या जागेवरून, जमिनीच्या पातळीवरून, त्याला दीड वर्षात न दिसलेली गोष्ट दिसली. दाराशी एक ओलं बारदान पडलेलं असे. गोदाबाई आत येताना त्यावर पाय पुसत, आणि चेंडू आणायला गेल्या की येता येता पुन्हा पुसत. दवाखान्याची सवय म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं.

"बाई, हे बारदान तुम्ही मुद्दाम ठेवता?"

"मंग? कोंड्यावर कोणी उभं राहू शकते का? मले वाटे तुले माहीत आहे. तू तं सायन्सवाला."

त्याने टायरचे बूट ओल्या बारदानावर पुसून पुन्हा फळीवर ठेवले. अडतीस अंश. शुक्रवारपासून त्याने स्वतःच्या बाजूला दोन बारदानं अंथरली, एक डावीकडे, एक उजवीकडे.

पाय जमिनीवर आल्यावर राहिला खेळ. आपण नेमके कुठे हरतो, हे खेळणाऱ्याला खेळताना कळत नाही. त्यासाठी बाहेरचा डोळा हवा, आणि वॉर्डात चंपाबाईसारखा डोळा दुसरा नव्हता. बसल्या जागेवरून ती कुडोत चार दाणे कमी पडले तर सांगे. चैतरामने तिच्यापुढे चार वाट्या आणि एक पिशवीभर चिंचोके ठेवले.

"मी एक पॉइंट हरलो की एक चिंचोका. डाव्या अंगाचा चेंडू चुकला तर पहिल्या वाटीत. उजव्या अंगाचा दुसऱ्या. बाईंनी सुरुवातीला टाकलेलाच परतवता आला नाही तर तिसऱ्या. जाळीत अडकला तर चौथ्या. जमेल?"

"खंडीनं धान मोजलं म्या," चंपाबाई म्हणाली. "तुया चिंचोक्यायनं भिऊ का?"

आणि तिने सुरू केलं. धान मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, म्हणून तिचं मोजणं 'लाभ, दोन, तीन' असं चाले. आपल्या पहिल्या चुकीला कुणीतरी लाभ म्हणतंय, हे ऐकत खेळणं चैतरामला जड गेलं, पण शास्त्रासाठी त्याने ते सोसलं.

तीन संध्याकाळी झाल्यावर त्याने सरासरी काढली. डाव्या अंगाचे तीन. उजव्या अंगाचे नऊ. पहिल्याच चेंडूचे चार. जाळीतले सहा. निकाल स्वच्छ होता. डावी बाजू पक्की, उजवी कच्ची. त्याला नवल वाटलं, कारण त्याला नेहमी उलटंच वाटत आलं होतं. पण वाटणं वेगळं आणि चिंचोके वेगळे. सोमवारपासून रोज सकाळी खाणीत जाण्याआधी गिरणीच्या भिंतीवर उजव्या अंगाचे तीनशे फटके. गिरणीवाला म्हणाला, भिंत पडली तर तुझ्या बापाकडून घेईन. चैतराम मोजत राहिला.

उजवा फटका खरोखरच सुधारला. गुरुवारपर्यंत त्याच्या फटक्याचा आवाज बदलला, भैयालाल म्हणाला, "अब चप्पल जैसी आवाज आ रही है." आणि तरी तो रोज हरत होता. सरळ दोन डावांत. एकशे अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. शनिवारी एकशे बावीस झाले, गोदाबाई "उद्या दहाले ये, सामान बांधूनच येतो" असं सांगून गेल्या, आणि चैतराम राशीला टेकून वही उघडून बसला. नऊ दिवसांच्या सरासऱ्या दोन दशांशस्थळांपर्यंत काढलेल्या होत्या. एकच गोष्ट केलेली नव्हती. बेरीज.

त्याने बेरीज केली. तीन, नऊ, चार, सहा. बावीस. तो थांबला. टेबल टेनिसचा डाव एकवीसचा. दोन डाव हरायचे तर बेचाळीस पॉइंट गमवावे लागतात. त्याने शुक्रवारची बेरीज केली. बावीस. गुरुवारची. बावीस. रोज वीस चिंचोके नाहीसे होत होते. तेही बरोबर वीस.

"मोठीमाय, माझे रोजचे वीस चिंचोके कुठे जातात?"

"कुठे जातीन? खंडी झाली का वाटी खाली करा लागते न खडा ठेवा लागते."

"कसली खंडी?"

"वीस कुडोची एक खंडी. येवढं बी नाही माहीत? चिंचोके बी वीस झाले का भिंतीशी एक खडा." तिने बोट दाखवलं. भिंतीच्या कडेला नऊ खडे ओळीने मांडलेले होते. चैतराम रोज ते ओलांडून जात होता.

"कोणत्या वाटीची खंडी?" त्याचा आवाज बारीक झाला.

"पह्यलीची. डाव्या अंगाची. दुसऱ्या कोणत्या वाटीची भरते तुयी?"

"म्हणजे तीन नाही, तेवीस!"

"तेवीस. एखाद्या रोजी चोवीस."

"अन् मले काहून नाही सांगितलं?"

"आता काय सांगू?" चंपाबाईला खरंच राग आला. "रास उठेपर्यंत खडा हालवत नाहीत, म्हणून नऊच्या नऊ तुया डोयापुढं ठेवले. बी.एस्सी. झाला न खडे नाही मोजता येत?"

चैतरामने बसल्या जागेवरून खडे मोजले. गावातली सगळ्यात काटेकोर बाई त्याने मोजायला बसवली होती, तिने एका चिंचोक्याचीही चूक केली नव्हती, आणि तिच्या त्या बिनचूक हिशेबावर तो सहा सकाळी चुकीची बाजू घोटत बसला होता. डावी बाजू आता एका रात्रीत सुधारणार नव्हती.

मग तो उठला आणि टेबलाच्या डाव्या कोपऱ्याबाहेर जाऊन उभा राहिला. दोन पावलं डावीकडे. इथे उभं राहिलं तर डाव्या अंगाचा चेंडूही उजव्या अंगाला येतो. उजवा फटका तयार आहे. पाय आता घसरत नाहीत. दोन पावलं जायचं, मारायचं आणि परत यायचं, एवढंच.

भैयालाल दारातून बघत होता. "पर दायाँ खाली छूट जाएगा."

"सुटू दे."

"बाई को दिखेगा."

"पहिल्या डावात नाही दिसणार," चैतराम म्हणाला.

रविवारी दहाला निम्मा वॉर्ड गोदामात होता. बाहेर महागूच्या रिक्षात गोदाबाईंची ट्रंक आणि वळकटी दोरीने आवळून ठेवलेली. चंपाबाई गुण मोजायला बसली, आणि आज खडे दोघांनाही दिसतील असे टेबलाच्या मधोमध, जाळीखाली ठेवायचे, असं चैतरामने तिच्याकडून कबूल करून घेतलं.

गोदाबाईंनी पहिला चेंडू सवयीने डाव्या कोपऱ्यात वाढला. चैतराम पान सोडून तिकडे जाऊन बसलेला होता. फटका त्यांच्या कानाजवळून गेला. त्यांनी मागे वळून चेंडू कुठे गेला ते पाहिलं. हे दीड वर्षात प्रथमच घडत होतं. पहिला डाव एकवीस-सोळा. चैतरामचा.

"काय खाऊन आला रे?"

"काही नाही बाई. बेरीज केली."

दुसऱ्या डावात बाईंना दिसलं. तो डावीकडे सरकला की त्या रिकाम्या उजवीकडे अलगद ठेवून देत. एकवीस-बारा, बाईंचा. चैतराम दोन बारदानांमध्ये धावून धावून घामाघूम झाला. महागूने बाहेरून घंटी वाजवली. "बाई, अकरा वाजाले आले!"

तिसऱ्या डावात चैतरामने दर वेळी जायचं सोडलं. कधी जाई, कधी जाण्याचं सोंग करून जागीच राही. मग बाई थबकत, आणि थबकलेला चेंडू उंच येई. अठरा-अठरा. एकोणीस-एकोणीस. वीस-वीस झाले तेव्हा चंपाबाईने जाळीखाली दोन खडे शेजारीशेजारी ठेवले.

"दोघायचीही खंडी," तिने जाहीर केलं. "आता दोन जास्त होतीन त्याचा डाव."

पुढचा पॉइंट चैतरामचा झाला. "लाभ," चंपाबाई म्हणाली, आणि त्या क्षणी तो शब्द त्याला अजिबात खटकला नाही.

शेवटचा चेंडू लांबला. गोदाबाईंनी डावीकडे टाकला, तो गेला. उजवीकडे टाकला, तो टायर करकरवत आला. पुन्हा डावीकडे खोल टाकला. चैतरामने पाऊल टाकलं, टिकलं, आणि त्याने सगळं अंग घालून मारला. चेंडू बाईंच्या बॅटच्या काठाला लागून राशीवर पडला.

गोदाम ओरडलं. भैयालाल नाचायला लागला. चैतराम तसाच उभा. आनंद दाराशी येऊन थांबला होता, आत येत नव्हता. बाईंनी तो शेवटचा चेंडू खरंच सोडला नव्हता ना? उशिरा हात नेला का? नेहमीपेक्षा किती उशिरा? हे कुणी मोजलं होतं? तो बाईंच्या तोंडाकडे बघायला लागला. आता त्या हसून 'छान खेळला बाबू' म्हणाल्या, तर सगळं संपलं.

गोदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी बॅटचा काठ अंगठ्याने चाचपला. मग दाराकडे पाहून त्यांनी हाक मारली.

"महागू, ट्रंक उतरव."

"बाई, बाराची बस निघून जाईल. मंग सरळ चारची आहे!"

"तं चारची. अशी हरून जाऊ का मी किरनापूरले? उतरव म्हणतो ना!" त्यांनी पदर पुन्हा, या वेळी करकचून, खोचला, बारदानावर दोन्ही पाय घासले आणि चैतरामकडे वळल्या. त्यांचे डोळे असे काही पेटले होते की त्याला लस टोचल्याचा दिवस आठवला, आणि हसूच फुटलं.

"अन् तू काय उभा राह्यला दात काढून? चेंडू आण."

चैतराम दात काढत राशीकडे धावला.