सगळ्या फायलींवर एकच कॅप्शन

मी माणूस घाईचा. लग्नघरातली हळद वाळायच्या आत माझं अल्बमचं काम सुरू झालेलं असतं. करुणा, माझी बायको, अगदी उलटी. शिरूरच्या आमच्या स्टुडिओसाठी लग्नातले फोटो मी काढायचो आणि बरोबर येऊन माणसांची नावं ती लिहायची.

फोटोच्या फाईलमध्ये कॅप्शनची एक जागा असते. फोटोवर ती दिसत नाही, फाईलची माहिती उघडली तरच वाचता येते. करुणा प्रत्येक फोटोला तिथं मराठीत लिहीत बसायची. कोण आहे, कुठल्या गावचं, कुणाचं कोण. मी म्हणायचो, "गिऱ्हाइकाला अल्बम पायजे, निबंध न्हाई."

"लागंल कवातरी," ती म्हणायची.

आणि लागायचंच. गावात कुणी वारलं की घरचे श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी फोटो शोधत आमच्याकडं येतात, कारण म्हाताऱ्या माणसांचे धड फोटो निघतात ते दुसऱ्यांच्या लग्नातच. करुणा नाव टाईप करायची आणि मिनिटभरात म्हातारा पडद्यावर हजर. मी त्या ओळी कधी एकदाही वाचल्या नाहीत. आज हे सांगताना स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

दोन वर्षांमागं जूनमध्ये तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलंत. मी तिच्यावरच भडकलो. दुखणं अंगावर काढायची खोडच हाय हिला, असं सगळ्या नातेवाइकांसमोर बोललो. तिनं उत्तर दिलं नाही.

त्या पावसाळ्यात कामं नव्हती. सणसवाडीचा एक फ्लेक्सवाला माझे फोटो उचलून वापरत होता. म्हणून एका दुपारी डिस्कवरच्या सगळ्या फायली सिलेक्ट केल्या आणि कॅप्शनच्या जागी स्टुडिओचं नाव अन् मोबाईल नंबर एकदम चिकटवून दिला. एकतीस हजार फोटो, दीड तासात. संध्याकाळी दवाखान्यात डबा घेऊन गेलो तेव्हा तिला मोठ्या फुशारकीनं सांगितलं.

"सगळ्यात टाकलं?" तिनं विचारलं.

"सगळ्यात."

तिनं उघडलेला डबा परत झाकला. मग म्हणाली, "बरं केलं."

मला वाटलं, दमली असेल. वर्षावासाचे तीन महिने संपायच्या आत ती गेली.

करुणा गेल्यावर जुने फोटो शोधून द्यायचं मी बंदच केलं होतं, पण गेल्या महिन्यात निमोण्याचे साहेबराव आले, त्यांना नाही म्हणवलं नाही. त्यांचे वडील, आप्पा, वारले होते. मी नाव टाईप केलं, काही निघालं नाही. निमोण्यातल्या एका लग्नाची फाईल उघडली, कॅप्शनला माझा मोबाईल नंबर. दुसरी उघडली, तिथंही तोच. जुनं सगळं पुसून त्याच्या जागी नवं बसलं होतं, आणि ते मला दोन वर्षांनी कळत होतं.

"वहिनींनी मागं आप्पांचा फोटो लावून वाचून दाखवलं व्हतं," साहेबराव म्हणाले. "काय लिव्हलं व्हतं तिथं? 'आप्पा लाजले, टॉवेल तोंडावर घेतला, बाजूला करायला मला दहा मिन्टं लागली,' असं. ते ऐकून आप्पा पोट धरून हसले व्हते."

ती नुसती नावं लिहीत नव्हती, हे मला निमोण्याच्या माणसाकडून कळलं. नऊ वर्षं ती माझ्याशेजारच्या खुर्चीत बसून लिहीत होती. त्यातली एक ओळ माझ्याकडं उरली नव्हती. डिस्कची दुसरी कॉपी नव्हती. आप्पांचा फोटो एकेक फाईल बघत संध्याकाळपर्यंत काढून दिला आणि शटर ओढून रडलो.

मग आठवलं, करुणाच्या धाकट्या बहिणीचं, पूनमचं लग्न. करुणाच्या आजारपणाआधीच्या एप्रिलमधलं. ते फोटो चिकटवाचिकटवीच्या आधीच बाहेर गेले होते. पूनमला फोन केला. तिनं लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, पण त्या रस्त्यानं गेलेल्या फोटोतलं लिहिलेलं वाटेतच गळून जातं. "पेन ड्राइव्ह आईकडं हाय, दाजी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लॅपटॉप पाठीला लावून न्हावरा, चौफुला करत दौंडला गेलो. सासूबाई, रंभाबाई, तिथं एकट्याच राहतात. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून पेन ड्राइव्ह काढला. रुमालात गुंडाळून ठेवला होता.

लॅपटॉप त्यांच्यासमोर पाटावर ठेवला. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचायला लागलो.

"मारुतराव मामा, भांडगाव. नवीन दात बसवलेत. हसू नका म्हटलं तर जास्तच हसले."

"पूनम रडतेय. काजळ सांभाळून."

"आई. सगळ्यांना वाढलं, स्वतः जेवली नाही."

रंभाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसलो. करुणा गेल्यापासून आम्ही दोघं एकत्र कधी हसलो नव्हतो.

मग तिचा फोटो आला. मंडपाच्या खांबाशी निळ्या साडीत उभी. तो मीच काढला होता. माहिती उघडली आणि वाचण्याआधी सगळ्या ओळींवरून नजर फिरवली.

"मी. हे म्हणाले हस, म्हणून हसले," मी वाचलं आणि पुढच्या फोटोकडं हात नेला.

"थांबा," रंभाबाई म्हणाल्या. "खाली आणखी येक वळ हाय की. मला वाचाय येत न्हाई, पर वळी मोजाय येत्यात."

मी वाचली. "पंधरा दिवस पोटात दुखतंय. सीझन संपला की ह्यांना सांगायचं."

ही ओळ ह्याच पेन ड्राइव्हमध्ये आठ दिवस माझ्याच टेबलावर पडून होती. मी वाचली असती तर एप्रिलमध्येच दवाखान्यात गेलो असतो. मग तो मीच इथं आणून दिला होता.

"आई, मी तिला सगळ्यांसमोर बोललो," मी म्हणालो. "अंगावर काढती म्हणून."

रंभाबाई पडद्यावरच्या लेकीकडं बघत होत्या.

"मला म्हणली व्हती ती," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आधी, फोनवर. मीच म्हणलं, घरात लगीन हाय, त्यांचीबी कामं हायती, एवढा सीझन काढ आन् मंग सांग. तुम्ही तिला बोलला, तवा मी तिथंच बसले व्हते. गप बसले."

त्यांनी हात पुढं केला आणि लेकीच्या चेहऱ्यावरची धूळ पुसावी तसा पडदा पदरानं पुसला.

"पहिली वळ परत वाचा," त्या म्हणाल्या. "हसलेली."