गोलावरचा उतार

विद्यापीठाच्या नामांतराचा बंद उठला, एसटी सुरू झाली आणि परभणीहून पेडगावच्या शाळेत पृथ्वीचा गोल आला. भुजंग गुरुजी हरखून गेले. खिडकीतल्या कोवळ्या उन्हात त्यांनी तो गरकन फिरवला. "हे बघा, आपण इथं. ही गोदावरी, आपल्याहून जरा खाली. आन ह्यो समुद्र." पोरं गुंगून बघत राहिली. उन्हात धूळ तरंगत होती, निळं पाणी फिरत होतं. गुरुजींना वाटलं, शाळेसकट आपण सगळेच हळूहळू फिरायलोत.

बायना मात्र पांढरीफटक पडली. ती लिंबाजी धनगराची लेक. सुगी आटपली की तिचे मायबाप मेंढरं घेऊन गोदावरीपल्याड जात, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत. बायना शाळेपायी काकूजवळ राही. यंदा मात्र निघायच्या आदल्या दिवशी तिनं बापाच्या कमरेला मिठी मारली ती सोडीच ना.

"बा, जाऊ नगं! तिकडं उतार हाय. घसरताल तुमी समदे. मेंढरं आधी!"

"कुणी सांगितलं गं?"

"गुरुजीनं दावलंय की गोलावर!"

लिंबाजीचं टाळकं सटकलं. तरातरा शाळेत आला. "गुरुजी, काय शिकवायलाव लेकराला? घास उतरंना तिला. बस झाली तुमची शाळा!"

गुरुजी तसेच त्याच्याबरोबर बायनाकडं गेले. साऱ्या वर्गात प्रश्न विचारणारी ती एकटी पोर. पृथ्वी सगळ्यांना आपल्याकडं ओढून धरते, खाली म्हणजे आपल्या पायाखाली, हे त्यांनी तिला परोपरीनं समजावलं. ती मान डोलवी आणि डोळे पुसी. शेवटी त्यांनीच हात जोडले.

"लिंबाजीराव, तिला पहिल्या मुक्कामापर्यंत संगं न्या. भेव गेलं की काकूकडं धाडा. शाळा तेवढी तोडू नका."

"बघू," लिंबाजी म्हणाला.

सकाळी कळप निघाला. गुरुजी शिवेपर्यंत गेले. धुकं जमिनीला टेकलं होतं. मेंढरं त्यात शिरत, दिसेनाशी होत, नुसत्या घंटा वाजत राहत. बायना मायचं लुगडं मुठीत धरून एकेक पाऊल चाचपत चालली होती. गुरुजींचा जीव तुटला. काय हे आपण पोरीच्या डोक्यात घातलं, असं त्यांना झालं.

पलीकडच्या टेकाडावर ऊन पडलं होतं. तिथं पोचल्यावर बायनानं लुगडं सोडलं. जागच्या जागी उडी मारली. चार पावलं पुढं जाऊन पुन्हा मारली.

"गुरुजीऽऽ! हितंबी वरच हाय!"

"हाय ना गं!" गुरुजी आनंदानं ओरडले. "मग ये की आता माघारी!"

"आन त्याच्या म्होरं?"

"म्होरंबी वरच!"

"थांबा, बघून येते!" म्हणाली, आणि मेंढरांच्याही पुढं पळत सुटली. लिंबाजी हाका मारतोय, पण ऐकतंय कोण!

गुरुजींना हसूही आलं आणि रडूही. पोर एकदाची शिकली, आणि शिकली तशी गेली, असं स्वतःशी म्हणत ते शाळेकडं वळले.